उजेडाची पेशी

नांदेड-लातूरला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात लोक हमखास विचारतात, "पाणी होतं का हो तिकडे?" पाणी होतं. माझ्याकडे अक्कल नव्हती. ती कशी नव्हती आणि थोडीफार कुठे मिळाली, एवढं सांगण्यासाठी हे लिहायला घेतलंय.

आधी माझा धंदा सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात, शरीराच्या चौकीदार म्हणा हवं तर. जंतू दिसला की त्या एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात आणि सगळ्या मिळून त्याच्यावर तुटून पडतात. मोहरीच्या कुळातलं एक रानटी रोपटं आहे, त्याच्यात उजेड ओळखणारं एक प्रथिन असतं. ते आम्ही या चौकीदार पेशींत बसवतो. मग काचेच्या बशीवर निळा दिवा लावला की पेशीचं एक दार उघडतं आणि ती निरोप धाडायला लागते. दिवा बंद केला की बडबड बंद. गेली बारा वर्षं मी पगार घेऊन हेच करतेय, दिवा लावतेय आणि बंद करतेय. आई विचारणाऱ्यांना सांगते, "ती लाइटच्या कामात असते." त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला दोनदा फ्यूज बदलायला बोलावलंय. एकदा मी गेलेसुद्धा. जमलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी नांदेड, मुखेड आणि लातूर इथल्या तीन कॉलेजांनी व्याख्यानाला बोलावलं. इतकी वर्षं माझं ऐकायला फक्त पेशी होत्या. तीन ठिकाणी माणसं बसून ऐकणार म्हटल्यावर मी हुरळलेच. दोन नव्या साड्या घेतल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात निळा दिवा, पेनड्राइव्हवर पेशींचे व्हिडिओ, आणि निघाले.

सोमवार, नांदेड

स्टेशनवर गंगाधर सर न्यायला आले होते. वनस्पतिशास्त्र शिकवतात, चेहरा हसरा, चाल घाईची. गाडीत बसताच त्यांनी विचारलं, "मॅडम, सकाळी सुशीला चालंल ना तुम्हाला?"

मला वाटलं, सोबतीला कुणी बाई ठेवणार आहेत. मी फार मोठेपणानं म्हटलं, "कशाला उगीच त्यांना त्रास? मी एकटी राहीन की."

सरांनी गाडी बाजूला घेतली आणि पोटभर हसून घेतलं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता, कांदा, मिरची, शेंगदाणे घालून परतलेला. पोह्यांची सख्खी चुलत बहीण. सरांच्या घरी मी तिच्या दोन बश्या संपवल्या. दुसरी माझ्या मनाविरुद्ध आली. आमच्याकडे पाहुणा तीनदा "नको" म्हणाला की ताट उचलतात. नांदेडला तिसऱ्या "नको"ला वहिनी नवा डाव वाढतात आणि वर "लाजू नका" म्हणून दटावतात.

व्याख्यान दुपारी होतं. हॉल गच्च भरलेला. मी खोक्यातला दिवा टेबलावर ठेवला, आवाज चढवला आणि म्हटलं, "आता मी एक बटण दाबणार आहे, आणि पेशी बोलायला लागणार आहेत!"

बटण दाबलं आणि अख्ख्या इमारतीची लाइट गेली. पंखे थांबले, माइक गेला, पडदा काळा. मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, पेशी गप झाल्या की!" छप्पर उडेल इतकं हसले सगळे. जनरेटर सुरू होईपर्यंत दहा मिनिटं मी तिथे घाम पुसत उभी होते.

पण शेवट मात्र मी जिंकला. शेवटच्या स्लाइडवर मी भल्यामोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "उद्या गोळ्यांऐवजी उजेड!" हे वाक्य मी पुण्यात रिक्षात बसून जुळवलं होतं. त्यात शास्त्र पावशेरभर, बाकी सगळी टाळ्यांची भूक. टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा पडल्या. प्रयोगशाळेत बारा वर्षांत मला एकानंही शिट्टी मारली नव्हती. मी त्या वाक्याच्या प्रेमातच पडले.

मंगळवार, मुखेड

मुखेडला एसटीनं गेलो, गंगाधर सर आणि मी. खोकं वर ठेवायला लागले तर कंडक्टर म्हणाले, "काय हाय त्यात?"

"दिवा आहे, निळा."

"मग मांडीवर घ्या बाई. आमच्या रस्त्यात तिथं नारळ बी फुटतंय."

मांडीवर दिवा घेऊन मी खिडकीतून बघत होते. काळी जमीन, मधूनच दगडांचे माळ, तुरी हिरव्यागार आणि सोयाबीन पिवळं पडत आलेलं. कुठे कुठे काढणीची तयारी दिसत होती. कोकणात वाढलेल्या मला इतकं मोकळं आभाळ बघितलं की उगाच कपडे नीट करावेसे वाटतात. लपायला झाड नाही.

कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लावला होता. एका कोपऱ्यात मी, दुसऱ्या कोपऱ्यात माझ्यापेक्षा जास्त हसणारा सूर्य, आणि मधे मोठ्या अक्षरात, "प्रकाशाचा पेशीवर परिणाम". मी "पेशींवर" लिहून पाठवलं होतं. फ्लेक्सवाल्यानं अनुस्वार खाल्ला होता. पुण्यात मी यावर अर्धा तास चिडले असते. तिथे चिडायला वेळ मिळाला नाही, कारण पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ माझीच वाट बघत बसले होते. स्वच्छ धोतर, टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च कागद.

ते उठून पुढे आले. "नमस्कार. पेशी किती वाजता हाय?"

"अकराला सुरू करू," मी म्हटलं.

"साहेब कोन हायत?"

"साहेब कुणी नाहीत. मीच आहे."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुम्हीच? बरं झालं. बाई मानूस असलं तर ऐकून तरी घेतंय." आणि पिशवीतून फोटो काढून माझ्या खोक्यावर मांडायला लागले.

गंगाधर सर धावत आले. कपाळावर हात मारून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं पेशी म्हणजे तारीख. कचेरीतली सुनावणी. निजामाच्या वेळचा शब्द हाय. अप्पा, अहो ही ती पेशी न्हाई!"

अप्पा ऐकेनात. मन्मथअप्पा त्यांचं नाव, मुखेडजवळच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान आहे आणि थोडी शेती. त्यांनी फाटकाकडे बोट केलं. "लिव्हलंय की ढळढळीत. प्रकाशाचा पेशीवर परिणाम. माझी पेशी प्रकाशाचीच हाय."

आणि खरंच होती. गावानं त्यांच्या बांधालगत उंच खांबावरचा हायमास्ट दिवा उभा केला होता. त्याच्या उजेडातलं सोयाबीन नुसतं उंच वाढायचं, हिरवं राहायचं, शेंगा धरायचं नाही. बाकीचं रान काढणीला आलं तरी दिव्याखालचा तुकडा आपला पोपटासारखा हिरवा. अप्पा म्हणत होते, दिवा सरकवा नाहीतर झाकण बसवा. गाव हसत होतं, दिव्यानं कधी पीक बिघडतं का म्हणून. प्रकरण तहसीलपर्यंत गेलं होतं.

मी फोटो बघितले आणि म्हणाले, "अप्पा, तुमचं बरोबर आहे."

त्यांनी टोपी काढून परत घातली.

"सोयाबीन रात्र मोजतं. रात्र लांबायला लागली की त्याला फुलायची वेळ कळते. तुमच्या दिव्याखाली रात्र होतच नाही. रोपांतली उजेड ओळखणारी प्रथिनं हे काम करतात. तसल्याच एका प्रथिनावर माझी नोकरी चालते."

"हे लिहून देता?"

दिलं. कॉलेजच्या कोऱ्या कागदावर, खाली सही करून. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी लिखाण तेच असावं, कारण माझे शोधनिबंध घेऊन अजून कुणी तहसीलात गेलेलं नाही. अप्पांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि परत पहिल्या रांगेत जाऊन बसले. म्हणाले, "आलोच हाय तर तुमची बी पेशी ऐकतो."

त्यांनी तासभर डोळे न मिटता ऐकलं. मुलं मधूनच मोबाइल बघत होती, अप्पा नाही. चौकीदार पेशी कधीकधी चुकून घरच्यांनाच मारायला लागतात, हे मी सांगितलं तेव्हा ते पुढे वाकले. शेवटी मी माझं लाडकं वाक्य टाकलं, "उद्या गोळ्यांऐवजी उजेड!" आणि टाळ्यांत न्हाऊन निघाले.

खाली उतरल्यावर मुलींचा गराडा पडला, सेल्फी सुरू झाल्या. त्या गर्दीतून अप्पा वाट काढत आले. "मॅडम, ते शेवटचं खरं हाय का? गोळ्या सुटतात?"

मी कॅमेऱ्याकडे बघत हसत म्हटलं, "हो अप्पा, तोच तर आमचा प्रयत्न आहे."

"माझ्या लेकीला रोज गोळ्या हायत. तीन वर्सं झाली. लातूरला असते."

"अरे वा, मी उद्या लातूरलाच आहे!"

कसल्या गोळ्या, हे मी विचारलंसुद्धा नाही. "हो" आधी म्हटलं आणि "प्रयत्न" नंतर, आणि माणसाला जे हवं असतं तेवढंच ऐकू जातं. अप्पा म्हणाले, "मग उद्या दुपारी जेवायला आमच्या गिरजाकडं. मी बी येतो संगं." मी भाकरीच्या आशेनं लगेच हो म्हटलं.

बुधवार, लातूर

सकाळच्या एसटीत अप्पा खुशीत होते. गंगाधर सर नांदेडला परतले होते, त्यामुळे खोकं अप्पांनी आपल्या मांडीवर घेतलं. कंडक्टरला स्वतः होऊन सांगितलं, "मोठ्या डॉक्टरीन हायत पुण्याच्या." मी डॉक्टर आहे ती पेशींची, माणसाला मी साधी क्रोसिन द्यायलाही घाबरते, हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. "मोठ्या" हा शब्द ऐकून मी जरा ताठ बसले, एवढंच केलं.

लातूरला उतरल्यावर जिकडेतिकडे शिकवण्यांच्या पाट्या आणि त्यांवर पोरांचे फोटो. आमच्याकडे भिंतींवर पुढारी असतात, इथे मार्क. गिरजा अशाच एका शिकवणीत जीवशास्त्र शिकवते आणि गल्लीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. आम्ही जिना चढलो. खोलीचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. अप्पांनी हाक मारली तर गच्चीवरून उत्तर आलं, "इथं आहे, अप्पा."

गच्चीवर टळटळीत उन्हात, खुर्ची टाकून, डोक्यावर काही न घेता एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी बसली होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टा पसरलेला, फुलपाखरासारखा. औषधांनी चेहरा थोडा सुजलेला.

तो चट्टा मी पुस्तकांत शेकडो वेळा बघितलाय. ल्यूपस. त्यात शरीराचे चौकीदार घरच्यांवरच हात उचलतात, आणि ऊन त्यांना आणखी चिथवतं. हा आजार असलेल्यांनी उन्हापासून लांब राहायचं असतं, आणि ही मुलगी उजेड घेत बसली होती.

"आधी आत चला!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या.

आत गेल्यावर गिरजानं शांतपणे सांगितलं, "अप्पांनी काल फोन केला. सकाळची गोळी घेतली नाही मी."

आता मात्र मी घडाघडा सगळं ओकले. आमचं जे काही चालतं ते काचेच्या बशीत चालतं. तुमच्या पेशींत ते रोपट्याचं प्रथिन नाहीच, मग दिवा कुणाला कळणार? आणि आमचा दिवा वेगळा, ऊन वेगळं. ही गोळी एकदम सोडणं तर फार धोक्याचं. तुमच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन लावा.

तिनं लावला, स्पीकरवर. डॉक्टर तिला चांगलेच रागावले. आज जेवल्यावर घे, पण चुकवायची नाही, आणि परत उन्हात बसलीस तर माझ्याकडे येऊ नको म्हणाले.

फोन ठेवून ती म्हणाली, "मॅडम, हे सगळं मला माहिती आहे. मी पोरांना हाच धडा शिकवते."

"मग?"

"तीन वर्षं झाली, अप्पांचा फोन आला की आवाज पडलेला असतो. काल हसत होते. 'गिरजे, तुझ्या गोळ्या सुटल्या' म्हणाले. मला खोटं आहे हे कळत होतं. पण वाटलं, एक दिवस खरं धरून बघू. इतका कंटाळा आलाय मला त्या गोळ्यांचा."

अप्पा माझ्याकडे बघत होते. "म्हंजी काल तुम्ही खोटं बोललाव?"

"खोटं नाही अप्पा. पुढचं आधी बोलले."

"पेरणी न्हाई झाली अन् तुम्ही मळणीचं सांगून राहिलाव," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. इतकी लाज मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती.

अपराधी माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणतात. थापा आहेत. गिरजानं ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि मी खाली मान घालून अडीच भाकऱ्या खाल्ल्या. जेवण झाल्यावर म्हटलं, "आता घ्या ती गोळी."

तिनं गोळ्यांची पट्टी उचलून पर्समध्ये टाकली. "चारला तुमचं भाषण आहे ना? मी येणार आहे. तिथं घेईन."

"आत्ता का नको?"

"इथं आम्हा दोघांसमोर खरं बोलणं सोपं आहे, मॅडम. तिथं दीडदोनशे पोरं असतील, टाळ्या असतील. तिथं तुम्ही काय बोलता ते मला ऐकायचंय. मग ठरवते."

"ठरवते काय? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर तीन वर्षं तेच म्हणतायत," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. मुलगी हट्टी होती. अप्पा हताश होऊन टोपी कुरवाळत बसले. माझ्या भाषणावर आजवर कुणाचा चहासुद्धा अवलंबून नव्हता, आता कुणाची गोळी अवलंबून होती.

रिक्षात बसून मी लॅपटॉप उघडला, ती शेवटची स्लाइड पुसून टाकली आणि जिवाला जरा बरं वाटलं. पण कॉलेजात पोचल्यावर त्यांच्या माणसानं माझ्या हातातला पेनड्राइव्ह घेतला, आणि मीही शहाणी, तो दिला. पेनड्राइव्हवर जुनंच सगळं होतं.

मला ते कळलं शेवटी. भाषण संपवत मी पडद्याकडे वळले, तर तिथे हीऽ मोठी अक्षरं, "उद्या गोळ्यांऐवजी उजेड!" आणि मी तोंड उघडायच्या आत मुलांनी टाळ्या सुरू केल्या. शिट्ट्या, बाकांवर थापा, सगळं. शेवटच्या रांगेत गिरजा बसली होती, मनगटापर्यंत बाह्या, डोक्याला ओढणी. शेजारी अप्पा. दोघंही टाळ्या वाजवत नव्हते.

खरं सांगायचं तर एक क्षण मला वाटलं, राहू दे की. नंतर बाहेर गेल्यावर दोघांना समजावू. इतक्या टाळ्या परत कुठे मिळणार?

मग मी माइक धरला. "थांबा. हे वाक्य चुकीचं आहे. हे मीच लिहिलंय, आणि तुम्ही टाळ्या वाजवाव्यात म्हणून लिहिलंय. नांदेडला सांगितलं, मुखेडलाही सांगितलं. आमचं काम बशीतल्या पेशींवर चालतं. यातून कुणाचीही गोळी सुटलेली नाही. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या घ्यायच्याच."

टाळ्या अशा थांबल्या की कुणीतरी नळ बंद केला असावा. पुढच्या रांगेतल्या मुलीनं वही मिटली. आयोजक प्राध्यापक पाण्याचा ग्लास उगाच सरळ करत राहिले.

गिरजा उठून उभी राहिली. "प्रश्न आहे. ल्यूपसच्या पेशंटला हे कधी मिळेल?"

"माहीत नाही."

"अंदाजे? पाच वर्षं, दहा वर्षं?"

"अंदाज सांगितला तर तो मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलेला असेल," मी म्हटलं. "मिळेल की नाही, तेही मला माहीत नाही. आम्ही रोज जाऊन काम करतो, एवढं खरं आहे."

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली. पर्स उघडली. पट्टीतून गोळी काढली, पुढच्या मुलीकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि गिळली. आजूबाजूच्या कुणाचं लक्षही नव्हतं. अप्पा तिच्या गळ्याकडे बघत होते, घोट खाली उतरेपर्यंत.

आभार फार लवकर उरकले. एकीनंही सेल्फी मागितली नाही. मी खोकं उचलून बाहेर आले तेव्हा अप्पा पायऱ्यांशी उभे होते. गिरजा आतल्या सावलीत थांबली होती.

"मॅडम, राग मानू नका," अप्पा म्हणाले. "मुखेडात लई रंगलं होतं. आजचं भाषण पडलं."

"हो अप्पा. पडलं."

त्यांनी टोपी काढली आणि त्या टोपीनंच स्वतःचे डोळे पुसले.

"असंच पाडत जावा," ते म्हणाले.